डावीकडचा पहिला खांब

"आज पण मुकीच हाय व्हय माझ्या वाट्याला?"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. खिडकीपलीकडं बसलेल्या कदमांसाठी होतं. मी दारात उभी होते आणि आत जावं की थोडं थांबावं हे ठरवत होते. कोल्हापूर स्टेशनातल्या त्या खोलीला सगळे लॉबी म्हणतात. गाडीवर जाणारा ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट आधी तिथं हजर होतात, नळीत फुंकून दारू प्यायलेली नाही हे दाखवतात आणि मग इंजिनाकडं जातात. कुणी कुणाबरोबर जायचं हे कदम ठरवायचे.

"दुसरं कोण न्हाई आज," कदम म्हणाले. "आणि हळू बोला की इंगवले. दारात हाय ती."

"असू दे की. ऐकू येतंय न्हवं तिला? बोलताच येत न्हाई फक्त."

कदम हसले. मी आत गेले, नळीत फुंकलं, सही केली. इंगवल्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. आपली लोखंडी पेटी उचलली आणि चालायला लागले. त्यांच्यामागं चार पावलं अंतर ठेवून मी.

इंगवल्यांबद्दल लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला ते आवडत नव्हते. आजही आवडत नाहीत. निवृत्त माणसाबद्दल लिहिताना आवाज जरा मऊ करायची पद्धत आहे, ती मला इथं जमणार नाही. पण गाडी चालवताना रोज एकदा तरी त्यांचा आवाज माझ्या कानात येतो, आणि तो कुठून येतो हे नीट लिहून काढलं तर बरं, असं वाटतं.

बुटका, रुंद माणूस. मिशी काळीभोर रंगवलेली आणि भुवया पांढऱ्या, त्यामुळं चेहरा दोन माणसांचा मिळून केल्यासारखा दिसायचा. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. अंगाला खोबरेल आणि इस्त्रीचा वास. इंजिनात चढले की पहिल्यांदा पेटीतून जुना पेपर काढायचे, तो ओला करायचे आणि समोरची काच स्वतः पुसायचे. ते काम असिस्टंटचं. मी एकदा फडकं घेऊन पुढं झाले तर म्हणाले, "ठेव ते. काचंवर रेघा वढशील आणि वर मला कळणार न्हाई की रेघ हाय का तार हाय."

ते मूळचे कबनूरचे. घरातच कापडाचे यंत्रमाग होते. जन्मल्यापासून मागाच्या खडखडाटावर मात करून बोलायचं, तशीच सवय पडलेली. डबा आणा म्हणायचं असो की ब्रेक सुटला का विचारायचं असो, आवाज तोच. हळू बोलणारा माणूस त्यांच्या लेखी आजारी तरी असायचा नाहीतर लबाड. मी आजारी दिसत नव्हते.

आमच्या घरी उलटं. आईवडील शिरोळकडची शेती काकांवर सोपवून कोल्हापुरात आले ते माझ्या इंग्रजी शाळेसाठी. शाळेत मराठी बोललं तर दंड आणि घरी इंग्रजी बोललं तर आजी रुसायची. दोन्हीकडं गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. मला ते चांगलं जमायला लागलं. पुढं डिप्लोमा झाला, परीक्षा दिली, रेल्वेत असिस्टंट लोको पायलट म्हणून निवड झाली. घरच्यांना वाटलं मला गाड्यांची आवड आहे. खरं कारण वेगळं होतं. इंजिनात दोनच माणसं असतात आणि समोर रूळ. तिथं फार बोलावं लागणार नाही, असा माझा हिशोब.

हिशोब चुकला. इंजिनात असिस्टंटचं सगळ्यात मोठं काम बोलण्याचंच असतं.

सिग्नल दिसला की हात लांब करून त्याच्याकडं बोट करायचं आणि तो कुठला आहे आणि कोणत्या रंगाचा आहे हे मोठ्यानं म्हणायचं. "होम, पिवळा." मग ड्रायव्हरनं तोच सिग्नल स्वतः बघून तेच म्हणायचं. स्टेशनात शिरताना अडवणारा तो होम, आणि स्टेशनातून बाहेर सोडणारा तो स्टार्टर. ड्रायव्हर डाव्या खुर्चीत बसतो, असिस्टंट उजव्या. वळणावर, झाडामागं, तारांच्या खांबांमागं एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसतंच असं नाही. म्हणून दोघांनी बघायचं आणि दोघांनी म्हणायचं. एकाच्या डोळ्यानं चुकलं तर दुसऱ्याच्या तोंडानं सावरावं, अशी त्यामागची युक्ती आहे.

इंगवल्यांनी ही युक्ती पहिल्याच दिवशी मोडून काढली.

"हे बघ," ते म्हणाले, "तू म्हणणार आणि मी ऐकणार, तवर गाडी मिरजंत जाईल. मी म्हणतो आधी. तू मागनं म्हणायचं. कळलं?"

मी मान हलवली.

"मान काय हलवतीस? तोंडानं बोल की."

"हो, सर."

"काय?"

"हो, सर."

"मुंगी बोलती गं ह्यापरास."

तेव्हापासून आमचं असं चालायचं. ते बोट करून गर्जायचे, "होम, हिरवा." मी मागून म्हणायचे, "होम, हिरवा." शाळेतल्या प्रार्थनेसारखं. कधी कधी सिग्नल मला त्यांच्या आधी दिसायचा. मी तोंडातल्या तोंडात म्हणायचे आणि मग ते म्हणेपर्यंत थांबायचे.

नव्या असिस्टंटला काही महिने जुन्या ड्रायव्हरबरोबर फिरवतात आणि शेवटी तो ड्रायव्हर सांगतो, हिला ठेवा किंवा हिला नको. नको म्हटलेल्यांना इंजिनावरून उतरवून ऑफिसात बसवतात. फायली, फोन, दिवसभर माणसं. माझं सगळं इंगवल्यांच्या एका शब्दावर होतं, आणि तो शब्द काय असणार हे ते लॉबीत सगळ्यांना आधीच सांगत होते.

शिकवायचे मात्र. नको वाटलं तरी शिकवायचे, कारण गप्प बसणं त्यांच्याच्यानं होत नव्हतं. प्रत्येक सिग्नलला ते एखाद्या भाऊबंदासारखं ओळखायचे. "ह्यो होम लबाड हाय. लांबनं दिसतोय, मग बाभळीमागं दडतोय, आणि एकदम छाताडावर येतोय." रुकडीच्या पुलाकडं जाताना म्हणायचे, "हितं ऊन मावळतीला गेलं की लाल बी पिवळा वाटतोय. उन्हावर इस्वास ठेवू नको." आणि सगळ्यात जास्त वेळा, जवळजवळ प्रत्येक फेरीला: "रंग मागनं बघ. आधी खांब कुणाचा ते बघ. सिग्नल तुला सांगतोय का शेजाऱ्याला, हे जागेवरनं कळतं. डावीकडचा पहिला तो आपला. बाकीचे जगाचे."

हे खरंच आहे. खांब आपल्या रुळाच्या डाव्या हाताला उभा करतात. अंधारात चार दिवे एका रांगेत दिसले तरी कुठला दिवा कुठल्या रुळाशी बोलतो हे तो कुठं उभा आहे यावरून ओळखायचं. रंग सगळ्यांचे सारखेच असतात. ट्रेनिंगमध्ये हे मी आकृत्या काढून शिकले होते. इंगवल्यांनी ते एका ओळीत सांगितलं आणि ती ओळ डोक्यातून जात नाही.

एकदा वाटेत गाडी हळू चालवायचा बोर्ड आला. "कितीचा हाय?" त्यांनी विचारलं.

"फोर्टी फाइव्ह."

"मराठीत सांग."

मला ऐनवेळी मराठी आकडे आठवत नाहीत. आजही मनातल्या मनात उलटे करावे लागतात. "चोपन्न," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं, मग बोर्डाकडं, आणि गाडी पंचेचाळीसवर आणली. त्यानंतर आठवडाभर लॉबीत मी गेले की कुणीतरी विचारायचं, "काय मगदूम, चाळीस आणि पाच किती?" आणि इंगवले तिथं असले तर तेच 'चोपन्न' म्हणून उत्तर द्यायचे. ही माझीच चूक होती, ते मला मान्य आहे, आणि इंजिनात ती चूक लहान नाही. पण आकडा मी दुसऱ्यांदा चुकले नाही, आणि ते त्यांनी लॉबीत कधी सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट डब्याची. आम्ही जैन, आमच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवतात. कामावर असले तरी मी जमेल तेवढं पाळते. पाळलं नाही म्हणून कुणी रागावत नाही, पण मला बरं वाटतं. इंगवल्यांना हे कळलं त्या दिवसापासून ते मला मगदूमबाई म्हणायला लागले. "मगदूमबाई, सूर्य बघा, डबा काढा." एका संध्याकाळी आमची मालगाडी एका बाजूच्या रुळावर थांबवून ठेवली होती. समोरून येणारी गाडी यायला वेळ होता. मी डबा काढला. त्यांनी बाहेर बघितलं, ऊन उसाच्या तुऱ्यांवर आलं होतं, आणि म्हणाले, "जा, डबे बघून ये. मघाशी कायतरी खडखडत हुतं. पार गार्डापतोर जा."

काही खडखडत नव्हतं. मी गेले. मालगाडी लांब होती. गार्डापर्यंत जाऊन परत आले तेव्हा दिवे लागले होते आणि इंगवले मटणाचा डबा पुसून खात होते. "सापडलं काय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. माझा डबा मी घरी परत नेला. आईनं विचारलं तेव्हा भूक नव्हती म्हणाले.

त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखी एक गोष्ट माझ्याकडं आहे. ती वगळली तर चित्र खोटं होईल. थंडीतली सकाळ, नदीकाठी दाट धुकं. आम्ही पॅसेंजर घेऊन चाललो होतो. एका स्टेशनाचा होम जिथं असायला हवा तिथं दिवाच नव्हता. लाल नाही, हिरवा नाही, नुसता काळा खांब. इंगवल्यांनी गाडी जागच्या जागी उभी केली. स्टेशनमास्तर फोनवर सांगत होता की रूळ मोकळा आहे, दिवा गेलाय फक्त, या तुम्ही. मागून डब्यांतली माणसं खाली उतरून ओरडायला लागली. एक जण इंजिनाखाली येऊन म्हणाला, "ड्रायव्हर, हिरवा न्हाई तर लाल बी न्हाई की. चल की मर्दा."

इंगवले खिडकीतून वाकून म्हणाले, "पावणं, दिवा विझला म्हंजे लाल. दिसत न्हाई म्हंजे डबल लाल. तुमी वर चढा, न्हाईतर हितंच ठेवून जातो."

मास्तराचा माणूस नियमाप्रमाणं कागद घेऊन धुक्यातून चालत आला, तेव्हाच त्यांनी गाडी हलवली. मला म्हणाले, "ध्यानात ठेव. जो दिसत न्हाई त्येच्याइतका लाल कुणी न्हाई." त्या दिवशी ते बरोबर होते. मला त्याचं कौतुकही वाटलं होतं. ते मी बोलले नाही.

मग त्या स्टेशनात नवा रूळ आला. स्टेशनाचं नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही. एकेरी लाईनीशेजारी दुसरा रूळ घालायचं काम चालू होतं आणि आम्ही नेहमी थांबायचो त्या रुळाच्या डावीकडं एक नवा रूळ घातला. नव्या रुळाचा स्टार्टर त्याच्या डाव्या हाताला उभा राहिला, म्हणजे सगळ्यात डावीकडं. आमचा स्टार्टर होता तिथंच राहिला, पण आता तो डावीकडून दुसरा झाला. लॉबीत ही सूचना सगळ्यांना वाचून दाखवली. इंगवले पेटीवर बसून ऐकत होते. "ह्या लायनीला माझी हयात गेली," ते म्हणाले. "खांब मला शिकवू नका."

नवे सिग्नल इंजिनातून नीट दिसतात का हे बघायला साहेब लोकांची तुकडी येते. ते आमच्याच इंजिनात आले. माझ्या खुर्चीवर एक साहेब बसले, म्हणून मी इंगवल्यांच्या मागं उभी राहिले. पहिल्यांदाच मी तो स्टार्टर डाव्या बाजूनं बघत होते. गाडी चालू असताना ठीक दिसत होता. पण रुळाला तिथं उजवीकडं वळण आहे, आणि मालगाडीचं इंजिन नेहमी थांबतं त्या जागी आल्यावर तारांचा एक खांब बरोबर आमच्या दिव्यावर आला. डाव्या खुर्चीतून आमचा स्टार्टर दिसेना. त्याच्या पलीकडचा, नव्या रुळाचा, मात्र स्वच्छ दिसत होता.

"खांब मध्ये येतोय," मी म्हणाले.

इंजिनाचा आवाज, चार माणसांचं बोलणं. एका साहेबांनी मान वळवली. "काय म्हणतायत त्या?"

"काय न्हाई साहेब," इंगवले म्हणाले. "दिसतंय म्हणती."

साहेबांनी मान डोलावली आणि ते पुन्हा बाहेर बघायला लागले. मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. परत येताना इंगवले म्हणाले, "मोठ्या माणसांत मधीच कशाला बोलतीस? विचारलं तर बोलावं." विचारलं होतं. उत्तर त्यांनी दिलं होतं.

माझं न बोलणं इंगवल्यांनी कायम हिरवं धरलं. अंधारा सिग्नल लाल मानणारा माणूस, पण गप्प माणूस त्यांच्या हिशोबात होकारच देत असायचा.

ज्या दिवशी त्यांनी कदमांना "आज पण मुकीच हाय व्हय" असं विचारलं, त्याच दुपारची ही गोष्ट.

साखरेच्या पोत्यांची मालगाडी होती. त्या स्टेशनात आम्हाला आमच्या नेहमीच्या रुळावर घेतलं आणि थांबवलं. मागून एक्स्प्रेस येणार होती, ती नव्या रुळावरून पुढं जाणार. हे आम्हाला माहीत होतं, पण एक्स्प्रेस उशिरा धावत होती, आणि किती उशिरा ते कुणी सांगत नव्हतं. ऊन मरणाचं. इंगवल्यांनी आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून घेतला. मला त्यांनी कधी विचारलं नाही, त्या दिवशीही नाही. वेळ जायला लागला तसे ते स्टेशनमास्तरवर, एक्स्प्रेसवर, साखर कारखान्यावर आणि पर्यायानं माझ्यावर चिडत गेले.

"गेली असंल एक्स्प्रेस रद्द होऊन," ते म्हणाले. "सांगतंय कोण हितं? मुक्यांचाच कारभार हाय सगळा."

मग एकदम ते सरळ बसले. हात लांब केला, बोट पुढं.

"आला. स्टार्टर, हिरवा."

वॉकीटॉकीवर गार्डला सांगितलं की सुटतोय. गार्ड बाबर वळणापलीकडं शेवटच्या डब्यात, त्यांना सिग्नल दिसणं शक्य नव्हतं. ते म्हणाले, ठीक. इंगवल्यांनी ब्रेक सोडला.

"म्हण की," ते मला म्हणाले.

मी माझ्या खिडकीतून बघत होते. उजव्या बाजूनं तारांचा खांब आड येत नाही. आमचा स्टार्टर मला स्पष्ट दिसत होता. लाल. त्याच्या डावीकडं, नव्या रुळाचा, हिरवा. डावीकडचा पहिला.

"म्हण की गं."

इंजिन हललं. पहिले काही डबे ताणले गेल्याचा आवाज मागं मागं जात ऐकू आला. पुढं थोड्या अंतरावर दोन्ही रूळ एक होतात. दुसऱ्या रुळाचं काम तिथपर्यंतच झालेलं होतं.

असिस्टंटच्या बाजूला आणीबाणीच्या ब्रेकची एक दांडी असते. ती मी दोन्ही हातांनी खाली ओढली.

मालगाडी अशी अडवली की डबे एकमेकांवर येऊन आदळतात. तो दणका मागून पुढं आला आणि इंजिन जागेवर हादरलं. थर्मास खाली पडून फुटला. इंगवले माझ्याकडं वळले आणि जे बोलले ते मी इथं लिहिणार नाही. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत एक्स्प्रेस आली. डाव्या बाजूनं, इंगवल्यांच्या खिडकीला चाटून, शिटी वाजवत, डब्यामागून डबा. तिचा शेवटचा डबा गेला तेव्हा डावीकडचा पहिला दिवा हिरव्याचा लाल झालेला दिसला.

ते बराच वेळ त्या दिव्याकडं बघत राहिले. मग खुर्चीतून अर्धे उठले, मान माझ्या बाजूला घातली आणि माझ्या खिडकीच्या रेषेतून समोर बघितलं. खाली बसले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील.

"तोंड हाय न्हवं तुला?" ते म्हणाले. "थर्मास फोडलास."

आमचा स्टार्टर हिरवा झाल्यावर आम्ही निघालो. मिरजेपर्यंत त्यांनी एकही सिग्नल म्हटला नाही. त्या दिवशी इंजिनात दोन मुकी माणसं होती.

आम्ही लाल सिग्नल ओलांडला नव्हता. त्याच्या अलीकडंच गाडी थांबली होती. त्यामुळं कुणी सिग्नलच्या नोंदी काढून बघणार नव्हतं. विचारायचं होतं एवढंच की चालू झालेल्या गाडीला आणीबाणीचा ब्रेक का लागला, कारण शेवटच्या डब्यात बाबर तोंडावर पडले होते आणि त्यांच्या कपाळाला टाके पडले होते.

दोन दिवसांनी सकाळी लॉबीत बोलावलं. देसाई साहेब आले होते, ड्रायव्हरांचे निरीक्षक. कदम खिडकीत. बाबर बाकावर, कपाळाला पट्टी. आणखी दोघंतिघं जण, ज्यांचं तिथं काही काम नव्हतं. इंगवले इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून आले होते.

"ब्रेक कुणी ओढला?" देसाईंनी विचारलं.

"हिनं," इंगवले म्हणाले. "साहेब, स्टार्टर हिरवा. मी म्हटलं हिरवा, गाडी उचलली. शेजारनं एक्स्प्रेस येताना बघून ही घाबरली आणि दांडी वढली. पोरगी वाईट न्हाई. मी काय वाकडं लिवणार न्हाई हिच्याबद्दल. पर इंजिनावर घालू नका, एवढंच सांगणं हाय. ऑफिसात बरी पडंल. शांत हाय."

बाबरांनी पट्टीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. त्यांच्या बघण्यात राग होता, आणि त्यांना तो असणं साहजिक होतं.

"मगदूम," देसाई म्हणाले, "असंच झालं?"

पुढचं थोडक्यात सांगते. नोंदी काढल्या गेल्या. इंगवल्यांना मुख्य लाईनवरून काढलं आणि निवृत्तीपर्यंत यार्डात डबे इकडून तिकडं लावायला ठेवलं. तो तारांचा खांब हलवला. मी इंजिनावर राहिले. इंगवल्यांच्या निरोपाचे पेढे लॉबीत वाटले तेव्हा माझी ड्युटी होती, आणि नसती तरी मी गेले नसते. त्यानंतर मी त्यांना बघितलेलं नाही. कबनूरला घर बांधलं असं कदम म्हणाले.

त्यामुळं माझ्याकडं असलेलं त्यांचं शेवटचं चित्र त्या सकाळचंच आहे. देसाईंचा प्रश्न हवेत असताना इंगवले माझ्याकडं वळले. मी उत्तर द्यायच्या आधीच त्यांनी हात लांब केला, इंजिनात करायचे तसाच, बोट सरळ माझ्या तोंडाकडं. पांढऱ्या भुवया वर गेल्या होत्या. त्यांना जरासुद्धा शंका नव्हती. ते म्हणणार आणि मी मागनं म्हणणार.

"सांग की साहेबांना," ते म्हणाले. "स्टार्टर, हिरवा. म्हण."

मी सॅक खाली ठेवली. हात लांब केला. बोट त्यांच्या बोटासमोर आलं. त्यांच्या घरातल्या मागांच्या खडखडाटातही ऐकू गेलं असतं तेवढ्या मोठ्यानं मी म्हणाले:

"स्टार्टर, लाल."